बिनगिअरची सवत

मी गिअरची मोटारसायकल बोलतेय. जिन्याखाली, विजेच्या मीटरांना खेटून जी काळी गाडी उभी आहे ना, ती मी. माझ्या शेजारच्या पांढऱ्या, गुळगुळीत गाडीकडे बघू नका. सगळे तिच्याकडेच बघतात. आधीच सांगून टाकते, मला तिचा हेवा वाटतो. थोडाथोडका नाही, टाकीच्या झाकणापर्यंत भरून वाटतो. स्वतःची कहाणी सांगताना लोक मोठ्या मनाचे होतात. मला ते जमणार नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. जन्म कसला, जुळणीच ती. एकाने चाकं बसवली, दुसऱ्याने टाकी, तिसऱ्याने दिवे. शेवटच्या माणसाने पाचही गिअर एकापाठोपाठ टाकून पाहिले, मान डोलावली आणि चहा प्यायला निघून गेला. मला पसंत करणारा तो पहिला माणूस. त्याचं तोंडही मला धड आठवत नाही.

मग शोरूमच्या काचेमागे दोन महिने. लोक यायचे, सीटवर बसायचे, आरशात स्वतःचे केस नीट करायचे आणि जायचे. एक दिवस आमचे मिस्त्री आले. विक्रेता तोंडपाठ केलेलं सगळं सांगत होता, आणि हे डोळे मिटून माझ्या इंजिनाचा आवाज ऐकत होते. "हीच द्या," म्हणाले. माझ्याकडे नीट बघितलंसुद्धा नव्हतं त्यांनी.

आमचे मिस्त्री शिलाई मशीन दुरुस्त करतात. कुठे टाका सुटतो, कुठे दोरा तुटतो, कुठे सुई मोडते, की लगेच फोन येतो. शिवणकामाचे कारखाने, शिंप्यांची दुकानं, घरी बसून शिवणाऱ्या बायका, सगळीकडे मिस्त्री आणि त्यांची हत्यारांची पेटी मीच पोहोचवायची. चौदा वर्षं. कुठल्या चढाला दुसरा टाकायचा आणि कुठे तिसऱ्यातच दम काढायचा, हे आम्हा दोघांना न बोलता कळायचं. त्यांनी क्लच दाबायचा आधीच मला कळे की आता दाबणार.

मिस्त्रींच्या डाव्या बुटावर, अंगठ्याच्या जरा वर, एक काळा डाग असे. गिअरची दांडी वर उचलून उचलून पडलेला. बूट नवे घेतले की महिन्याभरात डाग हजर. बाई, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "अहो, उजवा नवा आणि डावा जुना. लोकांना वाटेल दोन जोड्यांतले घालून आलात." मला मात्र तो डाग फार आवडायचा, कारण तो मी पाडलेला होता.

दुसऱ्या कुणाच्या हाताखाली मी कधी चालले नाही. एकदा मेव्हणे ऐटीत बसले, "बघू तरी" म्हणत क्लच सोडला, आणि मी फाटकातच बंद पडले. मुद्दाम पडले असं नाही. पण फार प्रयत्नही केला नाही. मिस्त्री हसत म्हणाले, "ती माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही." त्या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस फुगून राहिले.

मग गेल्या वर्षी मिस्त्री बल्ब बदलायला स्टुलावर चढले आणि डाव्या मनगटावर पडले. सहा आठवडे प्लास्टर. प्लास्टर निघालं तेव्हा हात होता, पण मूठ वळत नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं, क्लच काही महिने तरी विसरा.

त्यांची मुलगी दुसऱ्या शहरात नोकरी करते. ती सुट्टी काढून आली होती. इथेच, माझ्यासमोर उभं राहून बापलेकीचा वाद झाला.

"बाबा, आता ऑटोमॅटिकच घेऊ. क्लच नाही, गिअर नाही, गर्दीत डोक्याला ताप नाही."

"गिअर नाही म्हणजे गाडी माझं ऐकणार नाही, मी तिचं ऐकायचं."

"असं काही नसतं हो."

"असतं. चढावर ही पहिल्यात टाकली की दोन माणसं आणि पेटी घेऊन वर जाते. उतारावर दुसऱ्यात ठेवली की ब्रेक लागत नाही फारसा. पेट्रोल कमी पिते. बॅटरी उतरली तर ढकलून सुरू होते. तुझी ती ऑटोमॅटिक ढकलून बघ, नुसती घरापर्यंत ढकलतच न्यावी लागेल."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. पण मुलगी बापाचीच होती.

"सगळं कबूल. पण क्लच कोण दाबणार?"

मिस्त्रींनी डाव्या हाताकडे बघितलं. चार दिवसांनी सवत घरात आली.

सवतच म्हणायची, दुसरं काय म्हणू? पांढरी, डोळ्यांत भरणारी, पायाशी ऐसपैस जागा, सीटखाली सामान ठेवायला कप्पा. बटण दाबलं की सुरू, कान पिळला की पळायला लागते. काही शिकायला नको, तिचा स्वभाव ओळखायला नको. शेजारपाजारचे येऊन तिच्यावरून हात फिरवायचे आणि निघताना माझ्या हँडलला पिशवी अडकवून बोलत उभे राहायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

पहिल्या दिवशी मिस्त्री तिच्यावर बसले. फाटकापर्यंत ठीक गेले. वळणावर चौदा वर्षांच्या सवयीने त्यांनी डाव्या हाताने क्लच दाबला, आणि डाव्या पायाने हवेतच गिअर उचलला. पण तिला क्लच कुठला? डावीकडे तिचा मागचा ब्रेक. गचका बसून ती जागच्या जागी थांबली, पायाशी ठेवलेली पेटी घसरून रस्त्यावर पडली आणि स्क्रू, सुया, बॉबिन चहूकडे पांगले. हातात जोर नव्हता म्हणून बरं, नाहीतर मिस्त्रीच तोंडावर आपटले असते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिची किल्ली मुलीच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "ही माझ्या हातची नाही."

त्या दिवशी मला जेवढा आनंद झाला तेवढा शोरूममधून बाहेर पडतानाही झाला नव्हता.

पण कामं खोळंबली होती. कारखान्यांतून फोनवर फोन येत होते. तेव्हा मुलीने परत जायच्या आधी शाळेमागच्या मैदानात तीन दिवस आईला सवतीवर शिकवलं. सोमवारी सकाळी बाई पुढे, मिस्त्री मागे पेटी मांडीवर घेऊन, अशी वरात निघाली. मी मनातल्या मनात हसले. म्हटलं, चार दिवसांची सोय आहे, चालू दे. खरं तर बाईंना मी कधी हिशेबात धरलंच नव्हतं. त्या मागे बसायच्या, एवढंच मला त्यांच्याविषयी माहीत होतं.

परत येताना त्यांचा आवाज गल्लीच्या तोंडापासून ऐकू यायचा.

"अगं वळण आलं, क्लच... क्लच दाब!"

"अहो, हिला क्लच नाहीये. किती वेळा सांगू? आणि तो पाय हलवू नका, गाडी डुगडुगते."

"पाय आपोआप हलतो."

"मग आपोआप गप्पही बसा जरा."

आणि मग दोघं हसायची. ते हसणं मला सगळ्यात जास्त झोंबलं. माझ्यावर बसून बाई अशा हसल्याचं मला आठवत नव्हतं. एका हाताने पेटी आणि दुसऱ्या हाताने मिस्त्रींचा खांदा धरून त्या नुसत्या बसलेल्या असायच्या.

बाई पडदे शिवतात. पूर्वी मापं घ्यायला जायचं तर मिस्त्रींना कधी वेळ होतो याची वाट बघावी लागे. आता मिस्त्रींना कारखान्यावर सोडून त्या टेप घेऊन परस्पर निघायच्या. कामं वाढली. सवतीच्या सीटखालच्या कप्प्यात कापडाचे नमुने राहू लागले. मी उभीच होते. माझ्या सीटवर धूळ बसली आणि धुळीत कुणीतरी बोटाने फूल काढलं.

डॉक्टरांनी मिस्त्रींना दाबायला रबरी चेंडू दिला होता. तो दोन दिवसांत पलंगाखाली गेला. एका सकाळी मिस्त्री खाली आले, फडक्याने माझी सीट पुसली, बसले आणि डाव्या हाताने क्लच धरला. दोन बोटं जेमतेम वळली. पण वळली! दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. मग रोजच. बाई पायरीवर बसून पडद्यांना कड्या अडकवता अडकवता मोजायच्या, "अकरा, बारा... अर्धाच दाबलात, तो नाही धरणार." अकराचे तीस झाले, तिसाचे शंभर.

शेजारी सवत उभी होती. मी तिला म्हणाले, बघ, नीट बघून घे. हा माणूस कुणाकडे परत येतोय ते बघ. ती काही बोलली नाही. त्या जातीच्या गाड्या बोलत नाहीत, नुसत्या गुणगुणतात.

तेवढ्यात इमारतीच्या सेक्रेटरींनी जिन्यापाशी कागद लावला. एका घरामागे जिन्याखाली एकच गाडी, महिनाअखेरपर्यंत दुसरी हलवावी. मिस्त्री कागद वाचून बाईंना म्हणाले, "हात बरा झाला की ठरवू कुठली ठेवायची." मला धाकधूक म्हणून वाटली नाही. हात तर माझ्याच क्लचवर बरा होत होता.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी त्यांनी मला बाहेर काढलं. पहिल्या किकला नाही, तिसऱ्या किकला सुरू झाले, पण झाले. काय सांगू तुम्हाला! पहिला, दुसरा, तिसरा, कुठे खरखर नाही, गचका नाही. पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर त्यांनी मला मुद्दाम मध्येच थांबवलं आणि पुन्हा उचललं. इंचभरही मागे सरकले नाही मी. परत येताना ते शीळ वाजवत होते. मी जिंकले होते, आणि आता सवत कधी जाते तेवढंच बघायचं होतं.

बाई पायरीवरच होत्या. मिस्त्री म्हणाले, "बघितलंस? हात पहिल्यासारखा झाला."

"झाला खरा," बाई म्हणाल्या. त्यांना मनापासून बरं वाटलं होतं. मग हातातली कडी खाली ठेवून म्हणाल्या, "आता हीच ठेवायची का?"

"दोन्ही ठेवता येत नाहीत. आणि तू कशाला काळजी करतेस? तुला मी हिच्यावर शिकवतो."

"एकदा शिकवलं होतंत."

मिस्त्रींचा चेहरा उतरला. मलाही ते आठवलं. ती गोष्ट मी तुम्हाला सांगितलेली नाही, मघाशी मेव्हण्यांची सांगितली तेव्हाही गाळली. नऊ वर्षांपूर्वी बाईंनी स्वतःहून म्हटलं होतं, मला शिकवा. शाळेमागच्या त्याच मैदानात. त्यांनी क्लच सोडला, मी गचका देऊन बंद पडले. पुन्हा बंद पडले. तिसऱ्यांदा मिस्त्री ओरडले, "अगं हळू सोड म्हटलं ना! साधी गोष्ट कळत नाही?" मैदानात मुलं खेळत होती, ती थांबून बघायला लागली. बाई उतरल्या, हसल्यासारखं केलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसल्या. परत कधी विचारलं नाही. आणि मी? मी खूश होते. ही माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही, असं मिस्त्री पुन्हा म्हणतील म्हणून वाट बघत होते.

मिस्त्री माझ्या क्लचची दांडी उगाच दाबत-सोडत होते. बाई म्हणाल्या, "तुम्ही ठरवा. मी मागे बसेन. सवय आहे मला."

मिस्त्रींनी दांडी सोडली.

"उद्या मापं घ्यायला कुठे जायचंय तुला?"

"नदीपलीकडे. दोन घरं आहेत."

"मग मला वाटेत कारखान्यावर सोड. आणि मी मागून काही बोललो तर लक्ष देऊ नकोस."

एवढंच. माझं नावसुद्धा निघालं नाही. इतका जळफळाट मला आयुष्यात कधी झाला नाही, आणि मिस्त्रींवर रागावताही येईना. सवतीवर तर त्याहून नाही. तिने बाईंना पहिल्याच दिवशी पुढे बसवलं होतं. तिच्या रंगाचा हेवा, कप्प्याचा हेवा कधीतरी विझला असता. हा विझणारा नाही.

काल गिऱ्हाईक आलं. नळदुरुस्ती करणारा माणूस आहे, चांगला वाटला. मिस्त्री मला फाटकात उभी करून त्याला सगळं समजावत होते, चोक किती ओढायचा, साखळीला तेल कधी द्यायचं. तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. बाई मापं घेऊन परत आल्या होत्या.

"अहो, तिला जरा बाजूला घ्या ना. मला आत यायचंय."

वाक्य अर्धं टाकून मिस्त्रींनी मला बाजूला घेतलं. बाई आत गेल्या.

आज तो नळवाला मला न्यायला येणार आहे. त्याचे आईवडील, बायको, बहीण, घरी कोण कोण असेल मला माहीत नाही. त्याला एवढंच सांगायचंय, त्यांच्यातलं कुणी कधी मला पुढे बसू दे म्हणालं, तर बसू दे. मी गचके देईन, बंद पडेन, माझा स्वभावच तो. तू तेवढा ओरडू नकोस. मी बंद पडले तर दोन-तीन किकमध्ये सुरू होते. बाईंना नऊ वर्षं लागली.