खालचा सूर

एका बड्या रॅपरने उभ्या केलेल्या तीन मुलींच्या गटात टनीशा गात होती. गाणी इतकी चावट, की डेट्रॉइटच्या रेडिओने ती बंद केली. आज रविवारी ती आपल्या जुन्या चर्चमध्ये आली. गायकवृंदात पुन्हा उभं राहू देतील का, याचीच तिला धाकधूक होती.

वृंद चालवणाऱ्या सिस्टर ओडेसांनी तिला दारातच गाठलं.

"तुझी कॅसेट ऐकली, पोरी."

"सगळी?"

"दोनदा! तोंड साबणानं धुवायला हवं तुझं. पण तो खालचा सूर मी शिकवलेलाच ना?"

"तुमचाच, सिस्टर."

"वाटलंच. मग वृंदाचा झगा घाल. तू गेल्यापासून तुझ्या जागी बर्निस नुसती रेकतेय. आणि शब्द आमचेच गायचे हं!"

टनीशाने हसत झगा डोक्यावरून घातला.