माझ्या काचेतला फुकटचा वर्ग

मित्रांनो, कवठे महांकाळजवळच्या एका घरात कोनाड्यात पडलेला जुना मोबाईल तो मीच. आज माझ्या काचेला तडे गेलेत, पण एके काळी याच काचेत एक अख्खा वर्ग भरत असे.

कारखान्यातून निघालो तो लष्करी कँटीनमध्ये आलो. तिथे जवान वीरधवलने मला घेतले आणि सुट्टीवर आल्यावर धाकट्या बहिणीच्या, सृष्टीच्या हाती दिले. बारावीनंतर तिचे शिक्षण थांबले होते.

"परदेशातल्या विद्यापीठाचा कंप्युटरचा कोर्स हाय, फुकट. घरी बसून शिक," तो म्हणाला.

वडील लालासाहेबांनीही शब्द दिला, "ह्यात पास हो, मग सांगलीच्या कॉलेजचं बघू."

घरात इंटरनेटची रेंज फक्त मधल्या खोलीच्या खिडकीत येई. तिथेच आमची शाळा. व्हिडिओतले सर भराभर इंग्रजी बोलत. ती त्यांना थांबवी, मागे नेई, पुन्हा ऐके. सर कधीच वैतागत नसत. तिने लिहिलेला पहिला प्रोग्रॅम चालला तेव्हा तिने मला छातीशी घट्ट धरले. त्या दिवशी मला केवढा अभिमान वाटला! पण अडले की विचारायचे कुणाला? हजारो विद्यार्थ्यांच्या गर्दीत तिचे प्रश्न तसेच पडून राहत. तरी ती चिकाटीने शेवटापर्यंत पोचली.

परीक्षेला अट होती, खोलीत दुसरे कोणी नको. माझ्या कॅमेऱ्यातून एक यंत्र तिच्यावर नजर ठेवणार होते. सगळ्यांना बजावून तिने दार लोटले. निम्मा पेपर झाला आणि आई मनुबाई वाटी घेऊन आत आल्या.

"आगं, दही-साखर ऱ्हायलीच की! परीक्षेला तशीच बसलीस व्हय?"

त्यांनी लेकीच्या तोंडात चमचा घातला. माझा पडदा लाल झाला. दुसरी व्यक्ती आढळली, परीक्षा रद्द.

"ग्वाड झालंय न्हवं?" मनुबाईंनी विचारले.

"लय ग्वाड," सृष्टी कशीबशी म्हणाली.

तिने विद्यापीठाला पुन्हा पुन्हा कळवले, "ती माझी आई होती." दर वेळी तेच उत्तर आले. तेही यंत्राचेच, आभार मानणारे.

"न्हाई जमलं ना तुला? मग आता स्थळं बघतो," लालासाहेब म्हणाले.

"आन् मी दही-साखर बी दिली हुती की गं," मनुबाई हळहळल्या.

सृष्टी मान खाली घालून भाकरी थापत राहिली. काय घडले ते तिने आईला कधीच सांगितले नाही. पुढे लग्न होऊन ती गेली आणि मी इथे उरलो. माझ्यावर तिचा फोन आला की मनुबाई पदराने मला पुसतात, "सुखात हाईस न्हवं?" विचारतात. पलीकडून "व्हय, आये" एवढेच येते.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे होऊन असे वर्ग काढाल. दार सगळ्यांना खुशाल उघडे ठेवा. पण त्या दारात, हाक मारली तर ओ देणारे एखादे माणूसही ठेवा.