बोहणी होईपर्यंत

प्रीतमचा साखरपुडा बारा वाजता शहराच्या टोकाला बेसाच्या हॉलवर होता, आणि साडेदहाला तो गांधीबागेतल्या साड्यांच्या ठोक दुकानाच्या माळ्यावर, नव्या कोऱ्या सदऱ्यात, सर्व्हरसमोर पालथा पडलेला होता. सर्व्हर ठणठणीत होता. त्याने नुकत्याच बसवलेल्या प्रोग्राममधून बिलं तेवढी निघत नव्हती. आठवडाभर रोज सकाळी हेच चाललं होतं.

"प्रीतमभाऊ, नुसतं चाक फिरून राहिलं!" काउंटरवरून अश्विन ओरडला.

"सगळ्यांच्याच कॉम्प्युटरवर?"

"नाही, माह्या एकट्याच्याच. बाकीचे मले साथ देऊन राहिले."

बिलाशिवाय गठ्ठा दुकानाबाहेर जात नाही. त्यामुळे गठ्ठे दारात साचले होते आणि त्यांच्या मागे प्रीतमची गाडी गाडली गेली होती. रिक्षाने गेला असता, पण त्याच्या साहेबांनी फोनवर सांगून ठेवलं होतं, "आज नीट न करता निघालास तर सावकाश साखरपुडा कर. उद्या यायची घाई नाही."

प्रीतमने सगळे उपाय करून पाहिले होते. मेमरी वाढवली, केबल बदलली, डेटाबेस बंद करून चालू केला आणि कोणी बघत नाहीसं पाहून डब्याला एक चापटही मारली. चापटीचा गुण बाकीच्या उपायांइतकाच आला. चालू केल्यावर दोन-चार बिलं निघायची, की पुन्हा चाक.

फोन वाजला. काजल होती. आज हिच्याच बोटात त्याला अंगठी घालायची होती.

"कुठं आहेस?"

"निघूनच राहिलो."

"नऊ वाजतापासून निघूनच राहिला तू. बाबा विचारून राहिले, जावई कॉम्प्युटरवाला आहे का ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. बुद्धवंदनेआधी आला नाहीस ना, तर त्यायले मी काही समजावणार नाही."

प्रीतमने पहिल्याच दिवशी करायचं काम मग केलं. औषधं देणं थांबवून डेटाबेसलाच विचारलं, कोण कोणासाठी खोळंबलंय? यादी आली. सगळे काउंटर एकाच कॉम्प्युटरसाठी थांबले होते, आणि तो कॉम्प्युटर काहीच करत नव्हता. मामा सापडत नाही म्हणून अख्खा मांडव अडावा, तसं. मामाचं नाव होतं 'केबिन'.

प्रीतमने केबिनचं काम तोडलं. खाली प्रिंटर खडखडले. प्रीतम उठून सदरा झटकतोय तोच केबिन पुन्हा हजर, आणि चाक पुन्हा चालू.

तो तडक केबिनमध्ये गेला. मालक जागेश्वरकाका बसले होते. मूळचे उमरेडचे, घराणं विणकराचं. मॉनिटरला हळदकुंकू, पुढे उदबत्ती, आणि पडद्यावर एक उघडं बिल. त्यावर फक्त 'श्री'.

"काका, हे काय?"

"बोहणीचं बिल."

"गिऱ्हाईक कुठं आहे?"

"येईन ना. दुकान उघडलं का श्री लिहून पहिलं बिल उघडं ठेवा लागते. रोखीचा पहिला गिऱ्हाईक आला का त्याचं नाव टाकायचं. बाबाबी असंच करत. आधी कागदावर होतं, आता तुह्या मशीनमंधी."

प्रीतम मटकन खुर्चीत बसला. उघडं बिल मिटल्याशिवाय त्याचा प्रोग्राम पुढचा नंबर कोणालाच देत नव्हता.

"बंद करा ते, काका."

"बोहणीबिगर?" दुकानच विकायला सांगितल्यासारखं काकांनी पाहिलं. "अन् आठवडा झाला, कोणीतरी माहं बिल मिटवून राहिलं. मी उघडतो, तो मिटवते. कोण हरामखोर आहे, पाहा बरं जरा."

"पाहतो," प्रीतम म्हणाला. "रोखीवाला कधी येते?"

"कधी अकराले, कधी एकाले. ठोकवाले सारे खात्यावरच नेतात."

प्रीतमने पाकीट काढलं. "एक साडी द्या. रोख."

"कोणती?"

"कोणतीबी."

"बोहणीले 'कोणतीबी' चालत नाही. पसंत कर."

काकांनी पहिली उलगडली. प्रीतम हो म्हणाला. काकांनी ती घडी करून बाजूला ठेवली. "पहिल्याच साडीले हो म्हणणारा माणूस घेणारा नसते." मग प्रीतमने नाकं मुरडली, रंग पक्का आहे का विचारलं, घासाघीस केली, रुसून दारापर्यंत जाऊन आला. तेव्हा कुठे एक हिरवी करवतकाठी ठरली. काकांनी एका बोटाने त्याचं नाव टाकलं आणि बिल मिटवलं.

त्या क्षणी अडकलेली सगळी बिलं एकदम सुटली. प्रिंटर धडाडले, अश्विन नाचला, गठ्ठे हलले आणि गाडीचं मागचं चाक दिसू लागलं. काका समोरची उदबत्ती विसरून प्रीतमच्या हाताकडे बघत राहिले.

"काय हात आहे बाप्पा! एका बोहणीत सारं दुकान चाललं."

"काका, ते अडकलेलं होतं म्हणून..."

"अडकलेलंच सुटलं ना?"

"उद्या मी प्रोग्राम बदलून देतो."

"खबरदार हात लावशीन तर! आता कुठं चालून राहिला. तू फक्त रोज सकाळी बोहणीले येत जा. तुह्या साहेबाले मी सांगतो."

वंदना सुरू होता होता प्रीतम हॉलवर पोचला. सदऱ्यावर माळ्याची धूळ, बगलेत साडी. काजल काही बोलणार, तेवढ्यात साहेबांचा निरोप आला. काकांच्या दुकानाचं वर्षभराचं काम पक्कं झालं होतं, रोजच्या बोहणीच्या अटीवर. साडीचे पैसे प्रीतमने स्वतःच्याच खिशातून द्यायचे.

"माह्यासाठी?" काजलने विचारलं.

"हो. अन् उद्यापासून रोज एक."

काजलचे डोळे भरून आले. बाबांनी जावयाकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. प्रीतमचेही डोळे भरले होते, पण त्याचं कारण त्याने कोणालाच सांगितलं नाही.