बुटाची चार मिनिटं

वाहिनीवर एक जुनी अंतराळमालिका पुन्हा दाखवायचं ठरलं आणि प्रत्येक भागातून दहा मिनिटं उडवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. जाहिरातींना जागा हवी होती. मी एडिटर, कापाकापी हा माझा पोटापाण्याचा धंदा. पण ही मालिका मी शाळेत असताना हातातला घास हातातच ठेवून बघितलेली.

"बोलणं उडवा, युद्ध ठेवा," साहेब म्हणाले. "बाराव्या भागात तो माणूस चार मिनिटं बूट शिवत बसतो. चार मिनिटं! अंतराळात!"

गाढवाला गुळाची चव काय! सगळी मजा त्या चार मिनिटांतच आहे. यानावरचा मेकॅनिक आणि डॉक्टरीणबाई यांचं तीन भागांपासून बोलणं बंद. चूक त्याची, पण सरळ माफी मागेल तर तो कसला! तो तिचा तुटका बूट गुपचूप उचलतो, तारेने पट्टा शिवतो आणि तिच्या दाराशी ठेवून सटकतो. ती बूट घालून बघते आणि भिंतीकडे तोंड करून म्हणते, "घट्ट झालाय." झालं, मिटलं भांडण. त्या यानाच्या भिंती पुठ्ठ्याच्या होत्या, दार आपटलं की हलायच्या. माणसं मात्र अस्सल. माझे वडीलही आईची माफी अशीच मागायचे, न बोलता तिचा चष्मा पुसून.

तेव्हा मी कात्री युद्धालाच लावली. एकूण बारा स्फोट होते. नीट पाहिलं तर त्यातले सात म्हणजे एकच स्फोट, फिरवून फिरवून वापरलेला. ते उडवले. कप्तानाचं भाषण अर्ध्यावर आणलं. तरी चाळीस सेकंद जास्तच भरत होते. आता उरलं काय, तर बूट, नाहीतर शेवटची नामावली. तीही नेमकी चाळीस सेकंदांची, सलग वर सरकत जाणारी, आणि तिच्यातच लेखिकेचं नाव.

"नावं कोण वाचतं? उडवा," साहेब म्हणाले.

मी वाचायचे. दर आठवड्याला. ज्या बाईंनी ही माणसं घडवली, त्यांचंच नाव माझ्या हातून पुसायचं? मला फार वाईट वाटलं. शेवटी जुन्या कागदांतून नंबर शोधला आणि सरळ त्यांना फोन लावला.

"बाई, बूट ठेवला तर तुमचं नाव जातं. नाव ठेवलं तर बुटाचे चाळीस सेकंद जातात."

बाई खो खो हसल्या. "अगं, त्या दिवशी स्फोटाचं सामान संपलं होतं! वेळ भरायचा म्हणून लिहिला मी तो बूट."

"मग काय करू?"

"नाव काढ. माझं नाव माझ्या दारावर आहे, तेवढं पुरे. बाकीच्यांनी तक्रार केली तर माझ्याकडे पाठव. करायला उरलंय कोण म्हणा."

मी आभार मानून फोन ठेवणार, एवढ्यात त्यांचा आवाज करडा झाला. "आणि ऐक. 'घट्ट झालाय' म्हटल्यावर ती गप्प उभी राहते. ते गप्प राहणं कापलंस तर याद राख."

फोन ठेवून मी ते मोजलं. साडेसहा सेकंद. तेवढ्यात नुसतं बाईंचं नाव आरामात दोनदा दाखवता आलं असतं. माझं बोट कापायच्या बटणावर गेलंही होतं. पडद्यावर डॉक्टरीणबाई बूट घालून उभी होती, काही बोलत नव्हती. मी बोट उचललं.