खंडेनवमीचं तेल

माझ्या तोंडाला कुलूप न्हाय, हे सगळ्या मंगळवार पेठेला ठाऊक हाय. दुधात पाणी दिसलं की मी बाईमाणूस असूनबी गल्लीच्या तोंडापासनं ओरडतो. तवा ही गोष्ट पोटात ठेवायला मला किती जड गेलंय, ते तुम्हीच समजून घ्या.

आमची लेक स्नेहल डबल बेस वाजवते. म्हणजे व्हायोलिनच, पण माणसापेक्षा उंच. उभं राहून, मिठी मारल्यागत धरून वाजवायचं. कॉलेजसाठी पुण्याला गेली आणि ते घेऊन परत आली. तिच्या आबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, एकदा बघितलं आणि म्हणाले, "हे कपाट कशाला आणलंस घरात?" त्यांचं जनावरांच्या पेंडीचं दुकान. पोरीनं बँकेत लागावं, एवढंच त्यांच्या डोक्यात. तेव्हापासनं त्यांनी त्या वाद्याला बोट लावलं न्हाय. जिन्यातनं ते खाली उतरवताना आम्हा मायलेकींचा जीव जायचा आणि हे आपले पेपर वाचत बसायचे. असलं डोकं फिरायचं माझं!

शेवटी मीच कंबर कसली. आत जुन्या गोधड्या घालून ताडपत्रीची जाड खोळ शिवली, तिला पाठीवर घ्यायला पट्टे लावले. उद्यमनगरातनं एक चाक करून आणलं. वाद्याच्या बुडाचा लोखंडी दांडा काढून तिथं चाक बसवलं की ढकलत न्यायला सोपं. वाजवताना दांडा फरशीवर सरकू नये म्हणून त्याला खालनं रबरी बूच बसवलं, माझ्या आईच्या काठीचं. राळेची वडी ठेवायला खोळीला एक कप्पा. तारांवर ओढायचा जो गज, त्याचे केस घोड्याच्या शेपटीचे असतात. त्यांना राळ घासली तरच ते तारेला धरतात आणि आवाज निघतो. हे सगळं मला पोरीनंच शिकवलं.

यंदा पुण्यातल्या एका ऑर्केस्ट्रात कायमची जागा निघाली. असली जागा काय रोज निघत न्हाय. परीक्षा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. वर्षभर स्नेहलला दुसरं काय सुचलं न्हाय.

खंडेनवमीला आमच्यात घरातली सगळी हत्यारं पुजतात. विळे, पाने-पकडी, दुकानचा काटा, माझी शिलाई मशीन, सगळं पुसून तेलाचा हात फिरवायचा, मग हळद-कुंकू आणि झेंडूचं फूल. मी स्वयंपाकात होतो, पोरगी आंघोळीला गेलती. बाहेर येऊन बघतो तर काय! डबल बेस खोलीच्या मधोमध, गळ्यात झेंडूचा हार, पुढं पाटावर गज, आणि मालक हात जोडून उभे.

"पोरीचं हत्यार हाय ते," मला म्हणाले. "त्याला सोडून कसं चालंल?"

माझ्या डोळ्याला पाणीच आलं हो.

ते दुकानची पूजा करायला गेले आणि स्नेहलनं गज उचलला. टोकापासनं मुठीपर्यंत केस तेलानं चपचपीत. अगदी मनापासनं चोळलं होतं. तारेवर ओढून बघितला तर नुसता सरकतोय, आवाज म्हणून न्हाय.

"येऊ देत त्यांना घरी, दावतोच!" मी ओरडलो.

पोरीनं माझं तोंडच दाबलं. "आई, आबांना कळता कामा न्हाय. माझी शपथ हाय तुला." रडत होती, तरी म्हणाली, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा हात लावलाय त्यांनी."

मग आम्ही दोघी मागच्या मोरीत बसलो. मेडिकलातनं स्पिरिट आणलं, भांड्याचा साबण लावला, केसांतनं फणी फिरवली. वाळवले, राळ घासली, आवाज न्हाय म्हणून परत धुतले. केस बदलून देणारा पुण्याचा माणूस सणाला गावी गेलता. कुणाचा तरी गज मागावा, तर ज्यांच्याकडं होता ते सगळे त्याच जागेसाठी येणार. शेवटी निम्म्या केसांनी राळ धरली, निम्म्यांनी न्हाय.

पुण्याला गाडी मालकांनीच काढली. आम्ही दोघं परीक्षेच्या खोलीच्या दाराबाहेर बाकावर बसलो. आतनं चांगला चाललेला सूर मधीच घसरायचा, परत सावरायचा, परत घसरायचा. मालक डोळे मिटून मान हलवत होते. मला म्हणाले, "काय वाजवतीया गं आपली पोरगी! मी उगंच एवढी वर्षं ऐकलं न्हाय."

जागा दुसऱ्या एका पोराला मिळाली. स्नेहल हसत बाहेर आली. "तो माझ्यापेक्षा चांगला वाजवतो, आबा." मालकांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि खोळीचे पट्टे स्वतःच्या खांद्यावर चढवले.

कराड मागं पडलं तवा पोरगी मागच्या सीटवर झोपली होती. मालकांनी आरशात तिच्याकडं बघितलं आणि हळूच मला विचारलं, "पूजेत माझं काय कमी पडलं का गं?"

"न्हाय," म्हटलं. "कायबी कमी पडलं न्हाय."