‘खासगी तपास’, भाग चौथा

मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांनी माझ्यासारखी कॅसेट पाहिलीही नसेल. वहीएवढी काळी पेटी आणि तिच्या आत गुंडाळलेली लांबच लांब तपकिरी फीत, एवढेच माझे शरीर. माझ्या पोटात तीन तास मावतात. त्या तीन तासांत जे आहे, ते जगात दुसरीकडे कुठेही नाही. ही काही अभिमानाने सांगायची गोष्ट नव्हे. आयुष्यभर मी त्या ओझ्याला भीतच आले.

१९८३ साली मुंबई दूरदर्शनवर ‘खासगी तपास’ नावाची मालिका लागत असे. रेगे नावाचा एक खासगी गुप्तहेर छापखान्याच्या माडीवर बसून लोकांची गाऱ्हाणी ऐके आणि एका खुनाचा छडा लावत फिरे. त्याला निनावी फोन जोडून देणाऱ्या टेलिफोन ऑपरेटरचे काम मुनिरा नावाच्या तरुण शिक्षिकेने केले होते. पहिल्या तीन भागांत तिचा फक्त आवाज होता. चौथ्या भागात ती प्रथम पडद्यावर आली, रेग्याच्या गाडीत बसलेली. पाचव्या भागानंतर मालिका अचानक बंद झाली. कारण कोणी सांगितले नाही. त्या काळी फिती महाग असत, म्हणून जुने कार्यक्रम पुसून त्यांवर नवे भरत. मालिकेच्या मूळ फितीही तशाच पुसल्या गेल्या. मुनिराचा भाऊ जहीर याने घरच्या यंत्रावर ते पाच भाग माझ्यावर उतरवून घेतले होते, म्हणून तेवढे वाचले.

पुढच्या वर्षी मुनिराचे लग्न रत्नागिरीच्या गफूरशी झाले. गफूरचे कुवेतमध्ये, बनेद अल-गारला, रेडिओ-टीव्हीचे दुकान होते. मुनिराने मला साड्यांच्या घडीत ठेवून तिकडे नेले. माझ्या पाठीवर तिने स्वतःच्या हाताने लिहिले, ‘खासगी तपास, १ ते ५’.

ते माझे सुखाचे दिवस होते. शेजारच्या बायका जमत, मुनिरा मला यंत्रात सरकवी आणि चौथा भाग आला की सगळ्या तिच्याकडे वळून हसत. सुरुवातीला गफूरलाही कौतुक होते. तोच चार माणसांना बोलावून दाखवी. मग दुकानात कोणी तरी त्याला म्हणाले, “तुझी बायको परक्या पुरुषाच्या गाडीत बसते, ते आम्ही पाहिलं.” माणसे हसली. गफूरही हसला, पण घरी आल्यावर तो मला निराळ्या नजरेने पाहू लागला. ती नजर मला कळत होती, आणि मला पळता येत नव्हते.

एका दुपारी मुनिरा बाहेर गेली असताना त्याने मला यंत्रात घातले, तिसरा भाग संपेपर्यंत पुढे पळवले आणि रेकॉर्डचे बटण दाबले. टीव्हीवर फुटबॉलचा सामना चालू होता. मित्रांनो, पुसले जाताना आम्हाला दुखते का, असे मला विचाराल तर मी एवढेच सांगेन की मुनिराचा चेहरा माझ्यावरून जाताना मला कळला. चौथा भाग गेला, पाचवाही गेला.

पुढच्या आठवड्यात पाहुण्यांसमोर मुनिराने मला लावले. तिसरा भाग संपला आणि हिरव्या मैदानावर खेळाडू धावू लागले. तिने क्षणभर पडद्याकडे पाहिले, मग गफूरकडे. उठून यंत्र बंद केले आणि पाहुण्यांना सरबत दिले. त्याविषयी ती गफूरशी कधी एक शब्दही बोलली नाही.

ती १९८९ मध्ये आजाराने गेली. तिची मुलगी कुबरा तेव्हा चार वर्षांची होती. गफूरने मला दुकानाच्या जुन्या सामानात टाकले. वर्षाच्या आत युद्ध आले. तो मुलीला घेऊन गावी गेला, परत आला, दुकान बंद करून नोकरी धरली. मी मात्र कुवेतच्याच सुलैबिया भागात एका गोदामात खोक्यात पडून राहिले. पस्तीस उन्हाळे मी तिथे काढले. उष्म्याने माझी फीत ठिसूळ झाली आणि कडेने पांढरी बुरशी चढू लागली.

या जुलैत ते गोदाम रिकामे करायची वेळ आली. बँकेत काम करणारी, चाळिशीची कुबरा सामान बघायला आली आणि तिने माझ्या पाठीवरचे अक्षर ओळखले. आईची दोन छायाचित्रे सोडली तर तिच्याकडे काही नव्हते. मला तिने ओढणीत गुंडाळून घरी नेले.

“अब्बा, ह्यात अम्मी आहे ना?”

गफूर आता शहात्तर वर्षांचा झाला होता. मला पाहताच त्याच्या हातातला चहाचा पेला खाली ठेवला गेला.

“बुरशी लागलीय तिला. टाकून दे गो.”

“मला अम्मी चालताना, बोलताना आठवतच नाही. दुरुस्त करता येत असेल तर बघते.”

कुवेतच्या शुवैख भागात जुनी यंत्रे दुरुस्त करणारा यूसुफ नावाचा म्हसळ्याचा माणूस आहे. कुबरा मला त्याच्याकडे घेऊन निघाली तेव्हा गफूरही काठी घेऊन उठला. “मी पण येतो,” एवढेच म्हणाला.

यूसुफने मला उघडले, फीत हाताने फिरवत कापडाने पुसली आणि नव्या पेटीत बसवली. “एकदाच लावायची,” त्याने बजावले. “फीत झडतेय. चालेल तसं मी लॅपटॉपवर उतरवून घेतो. दुसऱ्यांदा चालेल असं समजू नका.”

यंत्र सुरू झाले. पडद्यावर रेगे फोन उचलून बोलला, आणि पलीकडून आवाज आला, “बोला, कोणता नंबर हवा?” कुबराने तोंडावर हात ठेवला. आईचा आवाज ती कळत्या वयात पहिल्यांदा ऐकत होती. दीड तास ती हलली नाही. गफूर मात्र पडद्याकडे न बघता यंत्रावरचे पुढे सरकणारे आकडे बघत होता.

तिसरा भाग संपला. हिरवे मैदान आले.

“हे काय?” कुबरा म्हणाली.

“वरून दुसरं काही भरलंय कुणी तरी,” यूसुफ म्हणाला. “बंद करू का? फीत आणखी झिजेल.”

“करा.”

यूसुफचे बोट बटणाकडे गेले. मित्रांनो, त्या क्षणी मला किंचाळावेसे वाटले. कारण त्या सामन्यात पुढे काय आहे, ते फक्त मला माहीत होते.

“चालू राहू दे,” गफूर म्हणाला. “कुणी तरी नव्हे, मी भरलंय. तुझी आई दिसायची तिथंच. लोक बोलले, माझं डोकं फिरलं. काय केलं ते मला पुरं बघू दे.”

कुबरा वडिलांकडे वळली. “अम्मीला कळलं होतं?”

“कळलं. पण बोलली नाही कधी. तिला तेवढं वाईट वाटलं नसावं. ह्याच आधारावर इतकी वर्षं काढली मी.”

सामना चालू राहिला. उत्तरार्धात एकाएकी समालोचकाचा अरबी आवाज तुटला. खेळाडू धावतच होते, पण आता एक बाई बोलत होती. आजारपणात एका दुपारी मुनिराने यंत्राला माइक लावून चित्रावर फक्त आवाज भरला होता.

“कुबरा, इथं माझा प्रसंग होता. तो पुसला गेला. मला तोंडपाठ आहे, तेव्हा म्हणून दाखवते.”

मग तिने सगळे संवाद म्हटले, रेग्याचेही आणि स्वतःचेही. मध्येच एक लहान मूल “अम्मी, पाणी” म्हणाले, आणि ती थांबून पाणी देऊन आली. शेवटी ती म्हणाली, “खुनी कोण ते मलाही ठाऊक नाही. पुढचे भाग निघालेच नाहीत.”

मग तिने माइक जवळ ओढल्याचा आवाज आला.

“आणि गफूर, तुम्ही हे कधी ऐकलंत तर एवढं कळू दे. मी गप्प राहिले म्हणून मला काही वाटलं नाही, असं तुम्ही समजलात. तसं नव्हतं. मी रागानं गप्प होते. तुम्ही एकदा विचाराल म्हणून वाट बघत होते.”

समालोचक पुन्हा ओरडू लागला. थोड्याच वेळात माझी फीत यंत्रात अडकली आणि तुटली. आवाज लॅपटॉपवर उतरला होता. गफूर काठीवर दोन्ही हात ठेवून बसला होता. कुबराने त्याला पाणी दिले नाही, की त्याच्या खांद्यावर हातही ठेवला नाही. ती म्हणाली, “चला अब्बा. गाडीत बसल्यावर मला तिच्याबद्दल सगळं सांगायचं. जे लपवलंत तेसुद्धा.”

ती दोघे गेली. गफूरने काय सांगितले, ते मला कळले नाही. मी यूसुफच्या फळीवर तुटून पडले आहे. बुरशी पुन्हा चढते आहे आणि मला फार दिवस उरलेले नाहीत.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे मी सांगणार नाही. आम्ही कधी तरी झडणारच. पण तुमच्या घरात कोणी एकाएकी गप्प झाले, तर त्या गप्प बसण्याचा सोयीचा अर्थ लावून मोकळे होऊ नका. माणूस समोर आहे तोवर त्याला विचारा.