सरावाची चकती

गळ्यात ख्रिस्तप्रसादाची डबी असली की शिंपीकाका रस्त्यात कुणाशी बोलत नसत. एरवी या माणसाच्या तोंडाला कुलूप नव्हतं. काजं करता करता गिऱ्हाइकाच्या सात पिढ्या उकरून काढत. पण देव सोबत असताना गप्पा मारायच्या नाहीत, असा शिरस्ता. रविवारी चर्चमधली मिस्सा संपली की आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद पोचवायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांच्या वाट्याची आजारी आता एकच उरली होती, त्यांची बायको.

तिला सगळे बाई म्हणत. पहिला ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या पोरांच्या पिढ्या तिच्या हाताखालून गेल्या. वेदीवर न गेलेल्या साध्या पांढऱ्या चकत्या घेऊन ती सराव करून घ्यायची. हात जोड, तोंड उघड, चावू नकोस. ही नुसती भाकर आणि वेदीवरची ती खुद्द ख्रिस्त, दिसायला दोन्ही सारख्याच. हा फरक पोरांच्या डोक्यात उतरेपर्यंत ती पिच्छा सोडत नसे. आता तिच्याच डोक्यातून घरदार पुसलं गेलं होतं. मागच्या रविवारी तिने ख्रिस्तप्रसाद चहात बुडवला, तोही नेमका घरी भेटायला आलेल्या फादरांच्या डोळ्यांदेखत.

फादर वयाने लहान, मनाने मऊ. म्हणाले, "काका, साध्या खाण्यापेक्षा हे वेगळं आहे, एवढं तरी त्यांना कळायला हवं. येत्या रविवारी बघा. नाहीच कळलं तर थांबू या. त्यांना काही दोष लागत नाही."

दोषाचं काकांना काय करायचं होतं? बायकोबरोबर वाटून घ्यायला त्यांच्याकडे एवढी एकच गोष्ट उरली होती. तीही जाणार, या धास्तीने आठवडाभर डोळ्याला डोळा लागला नव्हता.

त्यात आज सकाळी घात झाला. तिचं तोंड धुताना ती त्यांच्या हाताला कडकडून चावली आणि काकांनी तिच्या थोबाडीत दिली. उभ्या संसारात पहिल्यांदा. मिस्सेला ते मागच्या बाकावर बसून राहिले. पापनिवेदन केल्याशिवाय ख्रिस्तप्रसाद घ्यायला पुढे जायचं तोंड नव्हतं. तिच्यासाठी डबी तेवढी मागून घेतली.

ते घरी आले तशी बाईजवळ बसलेली शेजारीण उठून गेली. काकांनी टेबलावर पांढरं कापड अंथरलं, मेणबत्ती लावली आणि चकती बायकोसमोर धरली.

"ख्रिस्ताचं शरीर."

बाईची नजर चकतीवर ठरली. पाठ ताठ झाली. काकांचा जीव भांड्यात पडला.

तिने चकती त्यांच्या बोटांतून अलगद काढून घेतली. "हात जोड," ती म्हणाली. तोच वर्गातला आवाज. "घाबरायचं नाही. ही साधीच आहे, सरावाची. खरी रविवारी मिळेल."

"अगं, आज रविवारच आहे. ही खरीच आहे."

"मध्ये बोलायचं नाही. मन साफ आहे ना? कुणाला दुखवलंयस का?"

तिचा गाल अजून लाल होता. काकांनी हात जोडले. "सकाळी बायकोला मारलं."

"मग तुला नाही मिळणार. आधी तिची माफी माग, मग ये."

आणि वर्ग सुटल्यावर उरलेल्या चकत्या संपवायची, तशी ती चकती तिने कुडुमकुडुम चावून खाल्ली आणि हात झटकले.

काका ओणवे झाले आणि ओल्या बोटाने फरशीवरचे कण टिपू लागले. बारीकशा कणातही तो पूर्ण असतो, हे पोरांना तीच शिकवायची. ते कण तोंडात घालायची त्यांची हिंमत झाली नाही. त्यांनी ते पाण्याच्या पेल्यात सोडले, विरघळले की कुंडीतल्या मातीत ओतायचे म्हणून. मग फादरांना फोन लावला.

"नाही ओळखलं," ते म्हणाले. खोटं बोलता आलं असतं, पण त्यांच्यात आता तेवढंही बळ नव्हतं. पलीकडून फादर हळू आवाजात काहीतरी धीराचं बोलले. पुढच्या रविवारपासून डबी नको, असं ठरलं.

काकांनी मेणबत्ती विझवली आणि बायकोसमोर गुडघे टेकले. तिचे हात हातात घेतले. "माफ कर गं मला. माझं चुकलं."

बाईने मायेने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला.

"मला काय सांगतोस बाळा? तिला सांग."